परुळेकरांनी भरलेली बॅग

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळत आलो. मध्ये दोनदा लिहायला बसलो. एकदा पेनातली शाई संपल्याचं निमित्त मिळालं, एकदा पंखा पुसायचा राहिलाय हे आठवलं. आज पंखा स्वच्छ आहे. शैला, म्हणजे माझी बायको, आत मटार सोलतेय. लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे. तेव्हा आधी परुळेकर कसे होते ते सांगतो. ते सोपं आहे.

परुळेकर बॅगेला कान लावायचे.

परदेशी निघालेल्या माणसाची भरलेली बॅग ते दोन्ही हातांनी उचलून हलवायचे, डोळे मिटून तिच्या पोटाला कान लावायचे आणि डॉक्टरनं नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावं तशा आवाजात म्हणायचे, "बोलतेय अजून." बॅग बोलते म्हणजे आत कुठेतरी पोकळी आहे. पोकळी आहे म्हणजे सामान हलणार, हललं की आपटणार, आपटलं की मोडणार. "बॅग बोलता कामा नये!" की पुन्हा सगळं बाहेर.

आमची सोसायटी डोंबिवलीतली, चार मजल्यांची. जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी परदेशात. परुळेकर तळमजल्यावर एकटे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वागळे इस्टेटमध्ये काचसामानाच्या एका कंपनीत, पॅकिंग खात्यात तीस वर्षं काढलेली. प्रयोगशाळेतल्या नळ्या, चंचुपात्रं त्यांनी जर्मनीपासून जपानपर्यंत धाडली, पण स्वतःचा पासपोर्टसुद्धा काढला नाही. "माझ्या नळ्या जाऊन पोचल्यात की सगळीकडे," म्हणायचे.

कोणी निघालं की आदल्या दिवशी हुकाचा काटा खिशात घालून हजर. "तेवीस किलो म्हणजे बावीस आठशे. दोनशे ग्रॅम विमानतळावरच्या काट्याच्या अहंकाराला." मग रिकाम्या बॅगेसमोर मांडी घालून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचे. त्या वेळात घरात कोणी मिक्सर लावलेला त्यांना चालायचा नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या फडके वहिनी मुलाकडे लंडनला निघाल्या, तेव्हा परुळेकरांनी त्यांच्या नव्या कुकरमध्ये भाजणी भरली आणि मुलाच्या नव्या बुटात मेतकूट.

"अहो, बुटात मेतकूट?"

"पिशवीत आहे, वहिनी. आणि बूट अजून कोणी घातलेला नाही. तुमच्या डब्यापेक्षा स्वच्छ आहे."

चकल्या टेनिसच्या चेंडूंच्या नळकांड्यात, एकावर एक. लंडनला एकही मोडली नाही. त्यानंतर वर्षभर आमच्या सोसायटीत, जिथे कोणाच्या सात पिढ्यांत कोणी टेनिस खेळलेलं नाही, त्या नळकांड्यांसाठी वशिले लागत होते.

शेवटची परीक्षा म्हणजे भरलेली बॅग पलंगावरून खाली ढकलून द्यायची. फडके वहिनी किंचाळल्या, तर म्हणाले, "तिथले हमाल तुमच्या माहेरचे नाहीत."

"अगदी छोटंसं आहे हो" म्हणत मुलासाठी पुडकं घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. पुडकं हुकाला लावून जाहीर करायचे, "छोटंसं. एक किलो सातशे."

विमानतळावर विचारतात ना, ही बॅग तुम्हीच भरलीत का? आमच्याकडची भलीभली सोवळ्यातली माणसं तिथे बेधडक "हो" म्हणून गेलेली आहेत.

मोबदला म्हणजे कपभर चहा आणि पोचल्यावर एक फोन. त्या फोनवर ते प्रवास कसा झाला, नातू कसा आहे, काही विचारायचे नाहीत. "मोडलं काय?" "काही नाही." "बरं." फोन बंद. पुढचे दोन दिवस मात्र सोसायटीत जरा मान ताठ करून चालायचे.

मी अजून परुळेकरांबद्दलच सांगतोय. मटार संपत आले असतील. असो.

सात वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुग्धाच्या, आमच्या मुलीच्या, बाळंतपणासाठी कॅनडाला निघालो. शैलाची आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. तिच्या दोन लुगड्यांची गोधडी शैलानं बाळासाठी शिवली होती, तीन महिने खपून. परुळेकरांनी ती बॅगेच्या मध्यभागी अशी बसवली, की जणू तीच प्रवासाला निघालीय आणि बाकीचं सामान तिला सोडायला आलंय.

मग शैलानं कैरीच्या लोणच्याची बरणी पुढे केली. मुग्धा फोनवर रोज त्याच लोणच्याबद्दल बोलायची.

"तेल नको, वहिनी. कोरडं काहीही द्या, तेल नको. तेल आत थांबत नाही."

"अहो, पोरीला डोहाळे लागलेत!"

"माझ्या जबाबदारीवर नाही ठेवणार."

शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. परुळेकर कासावीस झाले, पण ऐकलं नाही. चहासुद्धा अर्धा टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शैला ब्लाउज आणायला शिंप्याकडे गेली. मी बॅग उघडली. तिकडे पोचल्यावर मुलीसमोर आपण बरणी काढतोय आणि मायलेकी आपल्याकडे कौतुकानं बघतायत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. कोपऱ्यातल्या दोन बनियनांच्या गुंडाळ्या काढल्या. बरणी दोन पिशव्यांत बांधली आणि सगळ्यात मऊ जागा म्हणून गोधडीच्या घडीत ठेवली. बॅगेवर बसून चेन ओढली.

संध्याकाळी परुळेकर निरोप द्यायला आले. गाडीत ठेवायला त्यांनी बॅग हातानं उचलली आणि तशीच धरून उभे राहिले.

"कर्णिक, एकदा उघडू या का?"

"गाडी खोळंबलीय, परुळेकर!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॅग गाडीत ठेवली.

कॅनडात बॅग उघडली तेव्हा तेल, तिखट आणि हळद गोधडीच्या आरपार गेली होती. शैला जमिनीवरच बसली. आठवा महिना सरत आलेली मुग्धा दारात उभी.

"कोणी ठेवलं हे?" शैलानं विचारलं.

मी म्हणालो, "परुळेकरांनीच ठेवलं असेल. तुझे डोळे भरून आले ना, म्हणून."

किती सहज सुचलं! वर त्यांना दयाळूही ठरवलं. शैलानं तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. "बरणी तुम्ही ठेवलीत?" तिनं विचारलं. मग स्पीकरवर ऐकू आलं, "हो, वहिनी. चुकलं माझं. मुग्धा बरी आहे ना?"

शैलाचा फडके वहिनींना एक फोन पुरला. पाच महिन्यांनी परतलो तोवर सोसायटीचा निकाल लागला होता. न सांगता बॅगेत वस्तू ठेवणारा माणूस! आज लोणचं, उद्या भलतंच काही निघालं तर विमानतळावर उत्तर कोण देणार? 'तुम्हीच भरलीत का' या प्रश्नाला लोक अचानक भ्यायला लागले. कपड्यांतली हवा काढायच्या पिशव्या ऑनलाइन मागवल्या जायला लागल्या. विमानतळाची गाडी फाटकात लागली की परुळेकर खिडकीशी उभे राहायचे. बॅगा त्यांच्यासमोरून जायच्या. तेव्हा मला कळलं, की आमच्या घरांमध्ये हा माणूस बसायचा तो फक्त बॅग भरायला. एरवी त्यांना आम्ही कोणी बोलावतच नव्हतो.

दोन वर्षांनी ते आंबिवलीला पुतण्याकडे राहायला गेले.

मी दोनदा आंबिवली स्टेशनबाहेर चहा पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा, म्हणजे गेल्या पावसाळ्यानंतर, घरात शिरलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. परुळेकर खूप वाळले होते. मला बघून उठून बसले.

"कर्णिक! कुठे निघालात?"

असं काही विचारलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "कॅनडाला."

"किती बॅगा? थंडीचे कपडे किती?" त्यांनी पुतण्याच्या सुनेला माळ्यावरून काटा काढायला लावला. "बॅग इकडेच घेऊन या. तुमच्याकडे नको, वहिनींना त्रास."

तर दुसऱ्या दिवशी, चेन दुरुस्तीला नेतो असं शैलाला सांगून, आतमध्ये स्वतःचे स्वेटर कोंबून मी सुटकेस रिक्षात घातली. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरातून स्वतःचे कपडे चोरले. परुळेकरांनी तास दीड तास लावून बॅग भरली. हात थरथरत होते, घड्या मात्र तशाच. शेवटी एक कोपरा मोकळा ठेवला.

"इथे लोणचं. घट्ट झाकणाची बरणी आणा, मी मेण लावून देतो. मुग्धाला द्यायचं राहिलं ना तेव्हा."

"परुळेकर, तेव्हा ते..."

"असू द्या हो. वहिनी पाच महिने तुमच्याशी बोलल्या नसत्या. परक्या मुलखात तुम्ही जाणार कुठे? मी काय, इथेच होतो. तो मोजा द्या इकडे."

मी मोजा दिला.

एकट्यात माफी मिळवून मी घरी आलो. बदनामी चारचौघांत झाली होती, ती तशीच राहिली. बरणी घेऊन जाणं आज करू, उद्या करू म्हणत होतो, तर पुतण्याचा फोन आला.

तेराव्याला आम्ही तिघं रिक्षानं गेलो. फडके वहिनी म्हणाल्या, "माणूस वाईट नव्हता हो. फक्त तुमच्या त्या गोधडीचं तेवढं..." शैला म्हणाली, "जाऊ दे, आता गेलेल्या माणसाचं काय बोलायचं." मी दोघींच्या मध्ये बसलो होतो. आंबिवली येईपर्यंत बाहेर बघत राहिलो.

परुळेकर, ती बरणी मी ठेवली. तुम्ही गेल्यावर, शैला घरात नसताना, तुम्ही नको म्हणालेलं ऐकूनही. तुमचा काही दोष नव्हता. हे मी तुमच्या खिडकीखाली उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला हवं होतं. मला क्षमा करा.