तोरणाची निळी वायर

घाटंजीच्या कापूस संघात उज्ज्वला संगणक ऑपरेटर होती, अकरा महिन्यांच्या करारावर. करार सोमवारी संपणार होता आणि तो वाढवायचा की नाही, हे आज तपासणीला येणारे साहेब ठरवणार होते. ते चालता सर्व्हर बंद करून बघणार. दुसऱ्यानं लगेच काम उचललं तर उज्ज्वला राहणार, नाही तर घरी बसून तूर निवडणार.

तिला धास्ती नव्हती. दोन सर्व्हर, आणि त्यांत सॉफ्टवेअरचे एकावर एक थर. खालचा थर दर सेकंदाला निळ्या वायरीतून शेजाऱ्याला विचारायचा, आहेस का? उत्तर आलं नाही की मधला थर शेजारी गेला असं धरायचा आणि वरच्याला सांगायचा, आता वजनाच्या रांगेचं टोकन तूच दे. एक जाऊ आजारी पडली की दुसरी चुलीपाशी, इतकं साधं.

दहा वाजता पहिल्या खिडकीवर प्रेमसिंगला एकेचाळीस नंबर मिळाला. दुसऱ्या खिडकीवर तानाबाईंनाही एकेचाळीसच मिळाला. दोन ट्रॅक्टर दोन बाजूंनी वजनकाट्यावर चढले आणि नाकाला नाक लावून थांबले.

“काकू, मांगं घ्या. माहा नंबर हाये.”

“मी कायले घेऊ? माह्या कागदावर का खोटं लिवलं हाये?” कापसाच्या ढिगावरून तानाबाई म्हणाल्या.

उज्ज्वला आत धावली. दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर होता: मी मुख्य, दुसरा बंद. दोघंही ठणठणीत होते आणि दोघांनीही एकमेकांचं सुतक धरलं होतं. मधली वायर गायब होती.

“डोमाजी, इथली निळी वायर कुठी गेली?”

“तोरणाले बांधली, ताई,” शिपाई डोमाजी म्हणाला. “सुतळी सरली. अन ते मधात उगीच लोंबून राह्यलती.”

“उगीच?”

“काढल्यावर कोणतं मशीन बंद पडलं, सांगा बरं.”

तेवढ्यात, गाडी फाटकात अडकल्यामुळे, साहेब पायीच तोरणाखालून आत आले. त्यांच्याच स्वागताचं तोरण त्यांच्यासमोर सोडवायचं कसं?

“कोणता सर्व्हर चालू आहे?”

“दोन्ही, साहेब,” ती खरं तेच बोलली.

बाहेर डोमाजी ट्रॉल्यांपाशी वाकला. संगणक आल्यापासून त्याचा त्यावर भरवसा नव्हता, म्हणून फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीवर तो खडूनं नंबर टाकत असे.

“काकूचा एकेचाळीस. प्रेमसिंग, तुमचा बेचाळीस.”

“खडूचा असंन तर ठीक हाये,” म्हणत प्रेमसिंगनं ट्रॅक्टर मागे घेतला. खिडकीतून हे बघत साहेबांनी, कोणताच सर्व्हर बंद न करता, वहीत बरंच काही लिहिलं.

सोमवारी पत्र आलं. ‘दोन्ही सर्व्हर एकाच वेळी मुख्य म्हणून कार्यरत आढळले. इतरत्र एकच असतो. शिवाय तिसरी राखीव यंत्रणाही सज्ज आहे. ऑपरेटरचा करार अकरा महिने वाढवण्यात येत असून, त्यांनी राखीव यंत्रणेचे प्रमुख श्री. डोमाजी यांच्या देखरेखीखाली काम करावे.’

उज्ज्वलानं पत्र दोनदा वाचलं. डोमाजीनं एकदाच ऐकलं.

“ताई,” तो खुर्ची ओढून बसत म्हणाला, “बजारातून खडूचा डबा आणजा.”

ती गेली. येताना सुतळीचं बंडलही घेऊन आली.