पहिला अर्थ वर्ज्य

असं दारातून काय ऐकता? आत या, जवळ बसा. डहाणूला येता, चिकू नेता, आणि आमच्या वसंतभाऊंना न भेटताच जाता? शोभतं का तुम्हाला?

वसंतभाऊ रेल्वे क्वार्टरमधले आमचे शेजारी, पार्सल ऑफिसात क्लार्क. ड्युटीवरून आले की चपला काढायच्या आधी प्रश्न. "वहिनी, पेन म्हणजे काय?"

"लिहायचं."

"छे! ते तर पोरंसोरंही सांगतील. पेन म्हणजे हंसाची मादी! डिक्शनरीत खाली वाचावं, खाली!"

एकदा म्हणाले, हजबंड म्हणजे काटकसरीनं वापरणे. म्हटलं, "बरोबर आहे, आमचे हे तर शब्दसुद्धा तसेच वापरतात." हे नव्या टीव्हीपुढून "हं" म्हणाले.

हसायचो आम्ही. पण माझी भाची माला गंजाडहून आमच्याकडे दहावीला आली. पास झाली तर नर्सिंग, नाहीतर लग्न, असं तिच्या वडिलांनी बजावलेलं. भाऊंनी हौसेनं तिला इंग्रजी शिकवलं. पेपरात 'पेन'वर वाक्य आलं. पोरीनं लिहिलं, पेन पिल्लांना घेऊन तळ्यात पोहते. असे किती शब्द! चार मार्कांनी इंग्रजी गेलं.

वाटलं, भाऊ आता बोर्डाशी भांडणार. ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. चुकलो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती जाडजूड डिक्शनरी पार्सलासारखी गोणपाटात शिवली, सुतळी आवळली, लाखेचं सील ठोकलं. "ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत फक्त पहिला अर्थ, माला. पास व्हायचंच." रोज ड्युटीआधी हजर, अंगात ताप असला तरी. जीभ वळवळायची बिचाऱ्यांची, पण एक हंस बाहेर पडला नाही!

माला पास झाली. पेढे घेऊन गेले नि म्हटलं, "भाऊ, आता तोडा ते सील."

"दुसऱ्याचं पार्सल मी कसं फोडणार, वहिनी?"

त्यांनी ते वळवून दाखवलं. शिवलं त्या दिवशीच, पोरगी नापास होऊन रडत बसली होती तेव्हाच, लेबलावर लिहून ठेवलेलं: 'सिस्टर माला.'

भाऊंची बायको वारल्यापासून त्या घरात ती डिक्शनरीच काय ती बोलणारी होती हो. तीही मालाबरोबर नर्सिंगला गेली. आता भाऊ ड्युटीवरून येतात नि गुपचूप कुलूप काढतात. आत्ता ते ड्युटीवर आहेत, म्हणून म्हणते, लवकर या पुन्हा. चहा आमच्याकडे घ्या, आणि जाताना त्यांच्या दारात थांबून एखादा अगदी साधा शब्द विचारा.