डोळ्यातलं पांढरं

लिंबाजीमामा कुणालाही भेटले की आधी त्याच्या डोळ्यातलं पांढरं बघतात. जवळ येतात, मान जराशी तिरकी करतात आणि बाजारात वांगं पारखावं तसं माणसाचा डोळा पारखतात. समाधान झालं की मग ‘जय भीम’. नवीन माणूस बावचळतो. मला एकदा कावीळ होऊ घातली होती, ती डॉक्टरच्या आधी मामांनी ओळखली. पण माझ्या तब्येतीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. “हाय, पांढरं हाय. जरा पिवळं पडलंय, पर हाय,” एवढं म्हणून ते दुकानातल्या बाकावर बसले आणि पिशवीतून वही काढली.

परळीत बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका हा माझा धंदा. त्यात गेली नऊ वर्षं लिंबाजीमामांच्या भुताच्या गोष्टींची भर पडली आहे. मामा थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झालेले. रेल्वेने येणाऱ्या कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. त्या आयुष्यात त्यांनी रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात शंभर पानी वही घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “सतीश, हे टाइप कर. वाचून घाबरलास तर सांग.”

मी काही घाबरलो नाही, पण तसं सांगितलं नाही. त्या गोष्टीतल्या भुताचे डोळे ‘या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काळेकुळकुळीत, पांढरं नावालाही नाही’ असे होते. पुढच्या गोष्टीतही तेच. आतापर्यंत एकतीस गोष्टी झाल्या. कुठे मसणवट्यातला मुंजा, कुठे बारवेतली बाई, कुठे सरकारी विश्रामगृहातला खानसामा. डोळे मात्र सगळ्यांचे तेच. हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की ‘या को’ लिहिलं की पुढचं कॉम्प्युटरच पुरवतो.

मोबाइलवर भुताची मालिका लागली की मामा ती तपासनिसासारखी बघतात. “ह्याचे डोळे लाल. म्हंजे झोप झाली न्हाई. ह्याचे पिवळे, ह्याला कावीळ. अन ही बाई बघ, समदे पांढरे. मोतीबिंदू हाय हिला, दवाखान्यात न्या. ह्यात भूत कुठं हाय?” मग एखादी काळ्या डोळ्यांची आकृती पडद्यावर आली की मामा मांडी बदलून बसतात. “हां. हे खरं. ह्याला भ्यायचं.”

यामागे त्यांचं म्हणून एक शास्त्र आहे. वाघीण उलटली की धूळ अशी उठायची की माणसाचं सगळंच काळं व्हायचं. तोंड, हात, कपडे, सगळं. साहेब कोण नि हमाल कोण, कोण कुठल्या गल्लीतला, काही कळायचं नाही. उरायचं ते डोळ्यातलं पांढरं. “त्याच्यावरून आमी वळखायचो. कोण कुठं बघतोय, कोन दमलाय, कोन हसतोय, समदं त्या पांढऱ्यात. पांढरं नसलं तर मानूस तुझ्याकडं बघतोय का तुझ्या मागं, कसं कळायचं? ज्याची नजर कळत न्हाई, त्यो भूत.”

विहारातल्या मंडळींना हे फारसं पसंत नाही. एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर अध्यक्षांनी त्यांना अडवलंच. “मामा, आपन भुतंखेतं सोडून किती पिढ्या झाल्या. तुमी कावून लिवता हे?” मामांनी आधी अध्यक्षांचं पांढरं तपासलं. मग म्हणाले, “मी भुतं मानत न्हाई, नुसतं लिवतो. तुमी तर निवडणुकीतल्या मानसाला मानता.” अध्यक्ष नुकतेच एका पुढाऱ्याच्या सत्काराला जाऊन आले होते. त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

मामांना खरं अडचणीत आणलं ते चहाच्या हॉटेलातल्या एका दूधवाल्याने. तो म्हणाला, “मामा, माझ्या म्हशीचे डोळे काळेच हायत की. मग ती काय राक्षस हाय? दोन टाइम दूध देती.” मामा कप खाली ठेवून उठले. तीन दिवस ते माझ्या दुकानाकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते शेणाने भरलेल्या चपला घेऊनच. “म्हशीलाबी पांढरं असतं,” त्यांनी जाहीर केलं. “सरळ बघितली की दिसत न्हाई. बाजूला चारा धरायचा. तिकडं नजर वळवली की कोपऱ्याला दिसतं. मी तीन गोठे बघून आलो.” दूधवाल्याला बोलावून हे त्याच्या म्हशीवर सिद्ध करून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला शांतता मिळाली.

काळ्या चष्म्याशी त्यांचं उघड वैर. चष्मा घातलेला माणूस समोर आला की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: “चष्मा काढ बे. कुठं बघतोस ते कळू दे.” गल्लीत मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही त्यांनी हेच ऐकवलं, फक्त ‘बे’च्या जागी ‘साहेब’ घातलं. पुढाऱ्याने हसत चष्मा काढला. मामांनी डोळे बघितले आणि मामींना आत सांगितलं, “पानी दे त्यांना. चहा नको.”

मामांच्या रागाची शिक्षा एकच असते. त्यांच्याशी वाकडं वागणारा पुढच्या गोष्टीत काळ्या डोळ्यांचा होतो. पाण्याच्या टँकरवाल्याचे झाले, पोस्टातल्या बाईंचे झाले. टाइप करताना माझ्याकडून अडीच पानं गळाली, तर पुढच्या अमावास्येला एक झेरॉक्सवाला पिंपळावर बसलेला आढळला. तो मजकूर मीच टाइप केला. शुद्धलेखनही तपासलं.

पण आम्ही सगळी किरकोळ भुतं. मुख्य भूत प्रत्येक गोष्टीत एकच असतं आणि ते मला दुसऱ्या-तिसऱ्या वहीतच ओळखू आलं. ते भर उन्हाळ्यात हिरव्या पट्ट्यांचा मफलर गुंडाळतं. डावा पाय जरा ओढत चालतं. मसणवट्यातसुद्धा गुळाचा खडा दाढेत धरून बिनसाखरेचा चहा पितं. परळीत हे सगळं करणारा माणूस एकच, रेल्वेच्या पटरीपलीकडे राहणारे ज्ञानोबाआण्णा.

ज्ञानोबाआण्णा जातीने, घराने, गावाने वेगळे. पण दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीला होते. वीस-बावीस वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं. मामींच्या हातची ठेचा-भाकरी आण्णा खायचे आणि आण्णांकडचं धपाटं मामा. त्या काळात हे बघून काही जणांनी नाकं मुरडली. आण्णा त्यांना म्हणायचे, “कोळशानं समदे एका रंगाचे झालेत, तुला कावून वेगळं दिसतंय?”

मग मामांच्या लेकीचं, सविताचं लग्न झालं. त्या लग्नात आण्णा काळा चष्मा लावून आले. मंडपात मागेच उभे राहिले, मंगल परिणयाचा विधी होईपर्यंत थांबले, सविताच्या हातात स्टीलचा हंडा दिला आणि पंगत बसायच्या आधी निघून गेले. मामांकडे त्यांनी बघितलं की नाही, ते चष्म्यामुळे कळलंच नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी आण्णांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. ही गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत होती आणि गल्लीने ती मामांना अनेकदा सांगितली. मीही सांगितली. मामांचं उत्तर ठरलेलं: “आपरेशन डोळ्याचं झालतं, तोंडाचं न्हाई. जेवता येत होतं की. वीस वर्सं डब्यातलं चाललं, चार लोकांत पंगतीत न्हाई चाललं.” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मामींनी एकदा मला हळूच सांगितलं, “ह्यांच्या भुतापरीस ज्ञानोबा भावजी बरे होते बाबा. घरी तरी यायचे.” लग्न झालं त्याच उन्हाळ्यात मामांची पहिली वही माझ्या दुकानात आली, हा हिशोब मला पुष्कळ उशिरा लागला.

यंदा एक अघटित घडलं. इथल्याच एका दिवाळी अंकाने मामांची गोष्ट स्वीकारली. एकतीस गोष्टींत पहिल्यांदाच. नेमकी तीच गोष्ट, जिच्यात भुताचा मफलर, पाय, गूळ, सगळं तपशीलवार आहे आणि भूत पटरीपलीकडेच राहतं. ती छापून आली असती तर परळीतल्या शेंबड्या पोरानेही आण्णांना ओळखलं असतं. मी म्हटलं, “मामा, निदान मफलर तरी काढू या.” मामा म्हणाले, “त्यानं चष्मा काढला का?” अंकाला टाइप केलेली पक्की प्रत सोमवारी पाठवायची होती.

आणि त्याच आठवड्यात मामांचा मोतीबिंदू पिकला. मामींचे गुडघे धरलेले, मुलगा पुण्याला. म्हणून अंबाजोगाईच्या डोळ्याच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत मी गेलो.

तिथे बाकावर म्हाताऱ्यांची रांग होती. नर्स दर दहा मिनिटांनी येऊन सगळ्यांच्या डोळ्यात थेंब टाकायची. तासाभराने सगळ्यांच्या बाहुल्या पसरल्या. मामांनी आधी शेजाऱ्याला निरखायचा प्रयत्न केला, पण जवळचं काही दिसेना. मग म्हणाले, “माझा फोटू काढ.” मी काढला. त्यांनी मोबाइल हात लांब करून धरला आणि बराच वेळ बघितला. बुबुळात तपकिरी उरलंच नव्हतं, सगळं काळं झालं होतं.

“कोपऱ्याला हाय का?” त्यांनी विचारलं.

“आहे मामा. भरपूर आहे.”

“मला दिसंना.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला वाटला. एकतीस गोष्टींनी मला जे झालं नव्हतं, ते एका फोटोने त्यांना झालं.

मी कॅन्टीनमधून पोहे आणले. मामांनी चमचा भरला आणि घास शेजारच्या आजोबांच्या मांडीवर ठेवला. दुसरा घास कानाजवळ गेला. समोरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कुणी वाईट मनाने हसत नव्हतं, पण मामांनी प्लेट खाली ठेवली, चाचपडत उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“मामा, खाऊन घ्या.”

“भूक न्हाई.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “सतीश, सविताच्या लग्नात पंगतच होती ना?”

“पंगतच होती.”

“वरण-भात, वांग्याची भाजी अन बुंदी. वरण पातळ झालतं.”

“झालं होतं जरा.”

मामा भिंतीकडेच बघत म्हणाले, “त्याला दिसतच नव्हतं रं. पातळ वरण. चार लोकांत सांडलं असतं. लोकं म्हनले असते, बघा, लिंबाजीकडं जेवायला बसला अन ताट उधळलं.” त्यांनी मनगटाने डोळा पुसायला हात नेला, नर्स ओरडली, त्यांनी तो खाली घेतला. “अन दिसत नव्हतं तरी आलता. पटरी वलांडून आलता.”

नऊ वर्षं मी हा माणूस गंमत म्हणून टाइप करत आलो होतो. त्याची मला फार लाज वाटली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांना काळा चष्मा दिला. मामांनी तो मुकाट्याने घातला. परतताना जीपमध्ये म्हणाले, “ती गोष्ट गेली का?”

“सोमवारी जाईल.”

“त्या काळडोळ्याला पांढरं दे.”

“किती?”

“लई नको. कोपऱ्याला एवढुसं. कुठं बघतोय ते कळलं पायजे.”

“मग तो भूत कसला राहील?”

“न राहिना का,” मामा म्हणाले.

परळीत उतरल्यावर त्यांनी रिक्षा घराकडे नेऊ दिली नाही. पटरीपलीकडे न्यायला लावली. ज्ञानोबाआण्णा अंगणात बाजेवर बसले होते. गळ्यात हिरव्या पट्ट्यांचा मफलर, हातात बशी. मी मामांचा हात धरून त्यांना समोर नेऊन उभं केलं. आण्णांनी बशी खाली ठेवली. आतून सून डोकावली आणि पुन्हा आत गेली.

शेवटी आण्णाच म्हणाले, “चष्मा काढ बे. कुठं बघतोस ते कळू दे.”

“डाक्टर न्हाई म्हनलाय.”

“मलाबी न्हाईच म्हनलता.”

मामांनी चष्मा काढला. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. आण्णा डावा पाय ओढत जवळ आले, मान तिरकी केली आणि निवांत निरखून बघितलं.

“हाय,” ते म्हणाले. “जरा लाल झालंय, पर हाय. घाल आता चष्मा. जेवून जा.”

सुनेने बाजेवरच ताटं वाढली. वरण पातळ होतं. मामांचा हात ताटाच्या कडेने वाटी शोधत फिरत होता, आणि आण्णांनी ती त्यांच्या बोटांखाली सरकवली.