अर्ध्या तासाची झोप

आमच्या समोर राहणाऱ्या मल्लूअण्णांशी बोलायचं म्हणजे दोन वाक्यांत उरकायचं. तिसऱ्याला ते हात वर करायचे. "पुरे की, मास्तर. बॅटरी जाती." जाणार ती कुणाची, त्यांची की माझी, हे सात रस्ता भागातल्या शेजारात अर्धं आयुष्य घालवूनही मला कळलं नव्हतं.

हयातभर रेडिओ दुरुस्त करून ते घरी बसले आणि मुठीत मावणारं एक यंत्र मागवलं. इवलासा पडदा, चार बटणं. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा सगळा नकाशा कुणालाही खुला. हवं ते जोडा, हवं ते काढा. "ह्याला बोलता येत न्हाय, मी शिकवतो," म्हणाले, आणि आपली जागा ओळखून कमी विजेवर लांब निरोप धाडणारा एक बिनतारी तुकडा त्याला कथिलाचा डाग देऊन बसवला. गच्चीत माझ्या बायकोच्या कुरडयांच्या डोक्यावर अँटेना उभी राहिली. घरात त्यावरून भांडण झालं ते वेगळं.

हा खटाटोप त्यांच्या बायकोसाठी, शांताक्कांसाठी होता. अक्कांना विसर पडत चालला होता. नवरा ओळखू यायचा नाही, मंद्रूपचं माहेर मात्र लख्ख. दार उघडं दिसलं की निघाल्या. मोबाइल दिला तर तो भाजीवालीला देऊन मोकळ्या. पानाची चंची तेवढी सुटत नसे, म्हणून अण्णांनी यंत्र चंचीत शिवलं. ते मधूनमधून जागं व्हायचं, अक्का कुठे आहेत ते अण्णांजवळच्या तशाच दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर सांगायचं आणि पुन्हा झोपायचं.

पण चार्जिंगसाठी चंची मागितली की अक्का रडायच्या. अण्णांना ते बघवत नसे. म्हणून त्यांनी यंत्राची झोप वाढवली. पाच मिनिटं, दहा, शेवटी अर्धा तास. एका चार्जवर महिना निघाला तेव्हा अख्ख्या इमारतीला शेंगापोळ्या वाटल्या.

"अण्णा, यंत्राचा कुंभकर्ण केलात," मी म्हणालो.

"झोपंल तेवढं टिकंल की."

जानेवारीतल्या एका दुपारी अक्का निघाल्या. यंत्र बोललं, मंद्रूपच्या रस्त्यावर, आणि झोपलं. आम्हाला रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास गेला. तोवर ते पुन्हा बोललं, थोडं पुढून. मग वाटेतल्या गर्दीत अडकलो असताना आणखी एकदा, त्याच जागेवरून. अण्णांचा चेहरा खुलला. "थांबलीय बघा. दमली असंल. सावलीला बसली असंल." त्यांनी रिक्षा थांबवून तिच्यासाठी केळी घेतली.

सावली नव्हती. टेंपो थांबलेला होता, माणसं गोळा झाली होती. चंची धडधाकट होती.

आता ती अक्कांच्या फोटोखाली असते. यंत्राची झोप अण्णांनी पार काढून टाकलीय. ते सारखं बोलत राहतं, एकाच जागेवरून, आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. अण्णा उठतात, चार्जिंगला लावतात, पुन्हा समोर बसतात. माझ्याच्याने ते बघवत नाही.

परवा न राहवून म्हणालो, "अण्णा, जरा झोपू द्या त्याला."

"नगं." पडद्यावरची नजर हलली नाही. "तुमी बसा की, मास्तर. बोला काईतरी."

मी बोललो. पाण्याचं, पेन्शनचं, कुरडयांचं. माझं मलाच ऐकवेना. अण्णांनी हात काही वर केला नाही.