उदयबाबांची टिचकी

आमच्या शेजारचे उदयबाब कुणालाही हाक मारण्याआधी एक टिचकी वाजवतात. आधी बारीक टिचकी, मग हाक. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण हा माणूस नारळ फोडण्याआधीही टिचकी वाजवतो, शिंकण्याआधीही. एकदा घाईत शिंक पुढे गेली, तर मागाहून टिचकी वाजवून माझी माफी मागितली.

उदयबाब खूप शिकलेले. बाहेरगावी प्रयोगशाळेत जन्मभर उंदीर दचकवले, तेही पगार घेऊन! निवृत्त झाले आणि धाकट्या बहिणीला, शालूला, घेऊन आमच्या गावी, हळर्णात, परत आले. शालूला स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू आहेत, तरी मिक्सर, कुत्रं, पानांची सळसळ, सगळं तिच्या डोक्यात एकदमच शिरतं.

"गेट, वहिनी, गेट!" उदयबाब मला समजावतात. "मोठ्या आवाजाच्या किंचित आधी बारीक आवाज केला, की उंदीर कमी दचकतो. मेंदू दार ओढून घेतो. डोपामिन बिघडवलं, तर दार उघडंच राहतं, आमच्या शालूसारखं."

"मग मांजर ठेवायचं होतं दाराशी," मी म्हटलं.

त्यांनी त्यावर नीट विचार केला. "नको. प्रयोग बिघडला असता."

पाववाल्या पोदेरालाही त्यांनी शिकवलंय, आधी हॉर्न हळू, मग मोठा. आता हळू हॉर्न ऐकून माणसं सायकलपाशी येतात आणि मोठा त्यांच्या कानातच वाजतो.

यंदा गणेशचवथीच्या आधी शालू कुंपणापाशी आली. "वहिनी, आरतीक येऊं गे? घुमट ऐकूंक जाय."

तिला आरतीतलं घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं मडकं, वाजताना ऐकायचं होतं. मी ये म्हटलं. उदयबाबांचं मात्र तोंड उतरलं. मागे एका लग्नात बँड सुरू झाला तशी ती पळत सुटली, शेतात सापडली, आणि मग कितीतरी दिवस जेवली नव्हती. घुमटं तर बँडलाही मागे टाकतात.

तरी चवथीला ते आमच्या घरी घुमटवादकांना शिकवायला आले. आधी बोटानं हळूच टक, मग थाप.

"उदयबाब, ही आरती की उंदरांची शाळा?" माझे दीर म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "शालूचं दार उघडंच म्हणता. मग तिला त्या टकचा काय उपयोग?"

"काही नाही," ते म्हणाले. "डोपामिन बिघडवलेल्या उंदरांनाही होत नसे."

"मग?"

"तिच्यासाठी कोणी जरा थांबतं, एवढं तरी तिला कळू दे, वहिनी."

आरती लागली. पहिल्या थापेलाच शालू दचकली, माझा पदर मुठीत धरला. दुसऱ्या आरतीला वादक रंगात आले, टक कुठली नि काय कुठलं. ती दर थापेला दचकत होती आणि तशीच बसून टाळ्या वाजवत होती. मी दाराकडे पाहिलं. उदयबाब उंबऱ्याशी तिच्या चपला हातात घेऊन उभे, निघायच्या तयारीत.

शालूनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"दादा, चपला खाली ठेव," ती म्हणाली. "अजून मंत्रपुष्पांजली आहे."