पाठीवरचा गेरू

युक्तेमोन कुंभाराने भाषण आपल्या चाकालाच ऐकवून ऐकवून पाठ केलं होतं. कुंभारवाड्याचा एकुलता एक झरा दिओकारेस नावाच्या धनदांडग्याला बागेसाठी हवा होता. आज सभेत त्यावर हात वर व्हायचे होते. झरा गेला तर माती भिजवायला पाणी नाही, म्हणजे धंदा बसला. दिओकारेसकडे बोलायला भाडोत्री तोंडाळ, इकडे एकटा युक्तेमोन.

अंगावर घ्यायला धड चादर नव्हती, म्हणून बायकोने, मिर्टोने, भावाची पांढरी चादर मागून आणली. उजाडायच्या आत ती गुंडाळून तो सभेच्या टेकडीवर पोचला. त्याच्याआधी तिथे फक्त एक बकरी होती.

ऊन चढल्यावर बाजारात रेंगाळणाऱ्यांना शिपायांनी नेहमीप्रमाणे गेरूत भिजवलेल्या दोराने हाकत आणलं. ज्याच्या कपड्याला गेरू, त्याचा सभेला आल्याचा भत्ता बुडाला आणि वर चारचौघांत हसं.

"कोणाला बोलायचंय?" दवंडीवाल्याने विचारलं.

युक्तेमोन डोक्यावर बोलणाऱ्याचा पानांचा मुकुट चढवून चौथऱ्यावर उभा राहिला. "अथेन्सकरांनो, आज या टेकडीवर पहिलं पाऊल माझं पडलं. ज्याला नगराची कळकळ असते, त्याला दोराने हाकावं लागत नाही." आणि खालचा झरा दाखवायला तो वळला.

पाठीवर हातभर गेरूचा पट्टा होता. मेहुण्याचा, मागच्या सभेचा.

टेकडी हसून लोळायला लागली. "आधी पाठ धू, मग कळकळ दाखव," कोणीतरी ओरडलं.

"मी खरंच पहिला आलो. बकरीला विचारा."

मग तर दिओकारेसही डोळे पुसू लागला. ते पाहून युक्तेमोनचं टाळकं सटकलं. पाठ केलेलं सगळं उडालं.

"बरं, आलो उशिरा. का आलो? बायको अंथरुणाला खिळलीय. पहाटेपासून घागर घेऊन मी रांगेत. एक झरा आणि अख्खी आळी. तोही द्या त्याच्या गुलाबांना, म्हणजे आम्ही सगळे वेळेवर येऊ. तहानलेले."

मग हात वर गेले, जातच राहिले. झरा वाचला. मघाशी खरं बोलणाऱ्या माणसाला हसणारे हेच शहाणे आता नाक शिंकरत होते.

बातमी त्याच्याआधीच आळीत पोचली होती. घरी मिर्टो अंथरुणात कण्हत होती आणि भोवती मसुराची पेज घेऊन आळीतल्या बायका. त्या गेल्यावर ती उठून बसली.

"अहो, आजार कसला ते तरी कळवायचं. मी एकीला पोट सांगितलं, दुसरीला कंबर."

"तुझ्या भावाच्या चादरीने..."

"दादाला काही बोलायचं नाही. ती घागर उचला. आळी बघतेय, मला आता महिनाभर उठता येत नाही."

पुढच्या सभेच्या दिवशी झऱ्यावरची रांग हलेचना. भरली घागर घरात आदळून युक्तेमोन बाजारातून धावत सुटला आणि दोर बरोबर पाठीवर बसला. या वेळी चादर त्याची स्वतःची होती.

टेकडीवर लोकांनी सरकून त्याला जागा दिली. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "वहिनी कशा आहेत?"

"मजेत आहे," युक्तेमोन धापा टाकत म्हणाला.