धूळ दिसता कामा नये

रविवारी सकाळी दहापर्यंत पार्किंगमध्ये धुळीचा एक कणही दिसणार नाही, असं पूर्वाने चेअरमनकाकांना छातीठोकपणे सांगितलं. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते: तिने शब्द पाळला. कण दिसला नाही. तो गेला कुठे, एवढाच प्रश्न होता!

पूर्वा नववीत. गेल्याच महिन्यात विज्ञान प्रदर्शनात तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की ती "आपण बघू" म्हणायची. इस्त्री त्यातच गेली.

यावेळी मात्र प्रश्न बाबांचा होता. हिंमतरावांनी पिंपरीच्या कारखान्यातून व्हीआरएस घेतली, आणि पहिले तीन महिने आईच्या स्वयंपाकघराला शिस्त लावली. डाळींचे डबे उंचीप्रमाणे, मसाले अक्षरानुक्रमे. आईला हिंग सापडेना. बाबा दुपारभर गॅलरीत उभे राहून मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक मोजायचे. मग एक दिवस त्यांनी माळ्यावरचा जुना सागवानी पलंग खाली काढला, पार्किंगमधल्या आपल्या जागेत करवत आणि घासायचं मशीन मांडलं आणि पलंगाचं स्टूल करायला घेतलं. त्या दिवशी बाबा शीळ घालत जेवायला आले. व्हीआरएसनंतर पहिल्यांदा!

पण भुसा उडायचा. तो स्कूटरींवर बसला, दुसऱ्या मजल्यावरच्या कुरडयांवर बसला आणि शेवटी श्यामलाकाकूंच्या नाकात जाऊन बसला. श्यामलाकाकू म्हणजे चेअरमनकाकांच्या सौभाग्यवती. काकूंचं नाक पंधरा दिवस असं बंद झालं, की त्यांच्या बोलण्यातले 'म' आणि 'न' सोसायटी सोडून गेले.

"शैलाताई," त्या पूर्वाच्या आईला म्हणाल्या, "बला कशाचा वाससुद्धा येत डाही हो!"

चेअरमन उत्तरेश्वरकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते बोलायचे ते फायलीवर शेरा मारल्यासारखे.

"हिंमतराव, रविवारी दहा वाजता पाहणी. धूळ आढळल्यास सुतारकाम बंद. आपली काही हरकत?"

बाबांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली. शीळही थांबली. तेव्हा पूर्वा पुढे झाली आणि म्हणाली, "आपण बघू!"

स्वारगेटच्या सायबर कॅफेत ती तासभर बसली. त्यातली चाळीस मिनिटं पान उघडण्यात गेली, उरलेल्या वीस मिनिटांत तिने सगळं शास्त्र आत्मसात केलं. हवा शंकूच्या कडेने आत घुसवायची. ती गरगर फिरते, भुसा खाली पडतो, स्वच्छ हवा वरून निघून जाते. बस्स! ओढायला व्हॅक्यूम क्लीनर घरात होताच. टाय लावलेल्या एका मुलाने दारात उभं राहून तो बाबांना विकला होता, आणि आईने दोनदा वापरून परत खोक्यात घातला होता. शंकू म्हणून रॉकेलचं मोठं नरसाळं घेतलं, नळी वॉशिंग मशीनची. राहिला खालचा डबा. तो एकदम घट्ट बसणारा पाहिजे, बाहेरची हवा शिरली की संपलं.

ओट्याखाली तसा डबा होता. स्टीलचा, पाच किलोचा, चकचकीत. त्यावर कोरलेलं होतं: 'सौ. श्यामला'. तो काकूंनी आईकडे थालीपिठाची भाजणी भरून द्यायला ठेवला होता. आईच्या भाजणीचं नाव तीन सोसायट्यांपर्यंत होतं. पण भाजणी दळायची होती अजून, आणि डबा नुसता बसून होता!

दुसऱ्याच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडायची पूर्वाची छाती झाली नाही, म्हणून बाबांनी लाकडी झाकण करून दिलं. शनिवारी दुपारी बटण दाबलं. सोसायटीत विमान उतरल्यासारखा आवाज झाला, बाबांनी मशीन फळीवर धरलं... आणि हवेत काही नाही! तासाभराने झाकण काढलं, तर डबा काठोकाठ. पिठी. मऊसूत, बदामी, भाजल्यासारखी.

"मैद्याच्या चाळणीतून पडेल," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. या वेळी भुशाने नव्हे.

पूर्वाने डबा पुसला, मूळचं स्टीलचं झाकण लावलं, तो नव्या स्टुलावर ठेवला आणि विजयी मुद्रेने अंघोळीला गेली.

रविवारी साडेनऊला ती खाली आली, तर स्टूल होतं, डबा नव्हता. ती तशीच धावत घरी गेली.

"आई! डबा कुठाय?"

"कुठला?" आई चहा गाळत म्हणाली. "बरं, काल श्यामलाकाकू जिन्यात भेटल्या. 'थँक्यू हो, आठवडीडे ठेवलीत' म्हणाल्या. काय ते विचारायच्या आत शिंकत वर गेल्या."

पूर्वा दोन-दोन पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर पोचली. दार उघडंच होतं. उत्तरेश्वरकाका टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या ताटात थालीपीठ होतं. वर लोण्याचा गोळा.

"ये, ये," काकू तव्याजवळून म्हणाल्या. "तुबचीच भाजडी! जरा थापताडा फुटत होती, बग बी कडीक घातली. आता कशी छाड होतायत!"

पूर्वा दारातच हिशोब करू लागली. गप्प राहिलं तर काका पलंग खाणार. बोललं तर बाबांचं सुतारकाम गेलं. काकांनी आणखी एक तुकडा मोडला. मोडताना 'टक्' असा आवाज झाला.

काकू लोणी आणायला आत गेल्या, आणि पूर्वाच्या तोंडून निघून गेलं, "काका, नका खाऊ! ती भाजणी नाहीये. सागवान आहे."

काकांचं चावणं थांबलं. मग परत सुरू झालं, सावकाश. गिळून झाल्यावर ते म्हणाले, "तरीच टिकाऊ आहे."

"सॉरी, काका."

"किती खाल्लीत मी?"

"मला नाही माहीत."

"मला आहे. दोन." त्यांनी ताट दूर सारलं. "हिने चार. हिला कळता कामा नये. उरलेलं पीठ बरणीत काढलंय, ती बरणी आज माझ्या हातून पडेल."

"आणि... पाहणी?"

"पाहणी दहालाच."

तेवढ्यात काकू आल्या आणि पूर्वाने डबा मागितला. "डबा हवाय? लगेच? अगं, रिकाबा कसा देऊ!" आणि त्यांनी रीतीप्रमाणे त्यात दोन थालीपिठं घालून डबा पूर्वाच्या हातात ठेवला. "बाबांडा दे."

दहा वाजता यंत्र सुरू झालं. काकांनी सगळ्या स्कूटरींच्या सीटवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि दुपारी सोसायटीच्या फलकावर कागद लागला: 'पार्किंगमध्ये धूळ आढळली नाही. सुतारकामास परवानगी. भुशासाठी सभासदांच्या घरातील भांडी वापरू नयेत.' धूळ नक्की कुठे आढळली, याचा उल्लेख नव्हता. संध्याकाळी बाबा शीळ घालत चहाला आले.

आता खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती!

पण आठवड्याने आईने खरी भाजणी दळली आणि तोच डबा, पूर्वाने गुपचूप तीन वेळा घासलेला, वर पाठवला. दोन दिवसांनी काकू स्वतः डबा द्यायला आल्या. धूळ बंद झाल्यामुळे नाक मोकळं झालं होतं, सगळे 'म' आणि 'न' जागेवर आले होते.

"शैलाताई, राग मानू नका," काकू अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाल्या, "पण या वेळी नाही हो जमली. मागच्या वेळची भाजणी कशी खुसखुशीत होती!"

"मागच्या वेळची?" आई म्हणाली. "मी तर पहिल्यांदाच दिली."

मग तिने डब्याकडे पाहिलं. डब्यावरून नजर पूर्वाकडे गेली. खालून व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज येत होता.

सुतारकामाला सोसायटीची परवानगी मिळाली होती. आईची राहिली होती.